चार्जिंग दर तीन-चार महिन्यांनी जातंय? आधी मल्टिमीटरचं काळं टोक कुठं लावलंय ते बघा

डायनामोवर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या यंत्रावर) बॅटरी चार्ज होणारी जुनी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी हा त्रास काढलेला असतो. बॅटरी बसते, मिस्त्री येतो, काहीतरी बदलतो, गाडी छान चालायला लागते. आणि तीन-चार महिन्यांनी एका सकाळी चावी फिरवून सेल्फ मारावा तर नुसतं ‘टक’. आमच्या गाडीनं आम्हाला चार वर्षं असं दमवलं. त्या काळात दोन बॅटऱ्या गेल्या, डायनामोचं रिवाइंडिंग दोनदा झालं, एक नवा रेग्युलेटर आला आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचे तीन बल्ब उडाले. शेवटी दोष निघाला एका स्क्रूखाली. तो आधी का सापडला नाही आणि नंतर कसा सापडला, हे सविस्तर लिहितो, कारण हाच दोष इतरही गाड्यांत असणार आणि तिथंही डायनामोच भरडला जात असणार.

गाडी १९७३ ची अँबेसेडर मार्क टू. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या इंग्लिश गाडीचं हे बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात वाढलेलं रूप, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सांगलीत जुनीच घेतली आणि तेव्हापासून ती कोल्हापुरात आमच्याकडे आहे. डायनामो सी-४० जातीचा, जास्तीत जास्त २२ अँपिअर देणारा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावर काळ्या झाकणाचा जो डबा बसवलेला असतो तो रेग्युलेटर, आरबी-१०६. तुमच्या गाडीत कोणते नग आहेत ते त्यांच्या अंगावर ठोकलेलं असतं. आधी एका फडक्यानं पुसून ते वाचून घ्या, कारण वायरी काढायची पद्धत त्यावर ठरते.

आमच्याकडं त्या डब्याला सगळे ‘कटआऊट’च म्हणतात. खरं तर त्यात दोन वेगळी कामं चालतात. एक कॉइल डायनामोच्या फिल्डचा (त्यातल्या चुंबक तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीचा) करंट तोडते-जोडते आणि व्होल्टेज हाताबाहेर जाऊ देत नाही, तो रेग्युलेटर. दुसरी कॉइल डायनामोचं व्होल्टेज १३ च्या आसपास चढलं की पॉइंट ओढून डायनामोला बॅटरीशी जोडते आणि इंजिन मंदावलं की सोडून देते, तो खरा कटआऊट. तो नसता तर गाडी उभी असताना बॅटरी उलटी डायनामोत रिकामी झाली असती. डब्यावर पाच टर्मिनल असतात: ए, ए-१, एफ, डी आणि ई. डी आणि एफ डायनामोकडे जातात, ए बॅटरीकडे, ए-१ गाडीच्या इतर लोडकडे. ई ही अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी जोडणी. दोन्ही कॉइलची दुसरी टोकं ई वर येतात, हे इथंच पक्कं लक्षात ठेवा. पुढं सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आधी एक प्रश्न: दोष आहे का?

डायनामो आयडलिंगला चार्ज करत नाही. लाल दिवा आयडलला मिणमिणत असेल तर तो त्या यंत्राचा स्वभाव आहे. आता हिशोब करा. हेडलाइटचे ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेसात अँपिअर. छोटे दिवे मिळून दोनेक, इग्निशन कॉइल तीन-चार, पाऊस असेल तर वायपरचे अजून दोन-तीन. पंधराच्या घरात गेलो. हायवेला २२ मिळतात, म्हणजे बॅटरीच्या वाट्याला सहा-सात उरतात. पण कुणी हौसेनं ६०/५५ वॅटचे हॅलोजन बसवले असतील, वर म्युझिक सिस्टीम आणि पंखा असेल, तर अप्पर मारल्यावर डायनामोला काही शिल्लक टाकता येत नाही. आणि तीच गाडी संध्याकाळी सातला कोथरूडहून हडपसरला निघाली, तर तास-दीड तास इंजिन आयडललाच. तेवढा वेळ सगळं बॅटरीच सोसते. अशा गाडीची बॅटरी बसली तर डायनामो उघडू नका. आधी लोड कमी करा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू करायच्या आधी, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ ला ठीक, १२ ला उतरलेली. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल बघा. पाच सेल १.२५० दाखवतायत आणि एकच १.१५० वर बसलाय, तर त्या बॅटरीला कुठलाही डायनामो वाचवू शकणार नाही. अर्धवट चार्जवर महिनोनमहिने राहिलेली बॅटरी अशीच आतून मरते. आमच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. म्हणजे बॅटरी खराब होतीच, पण ती रोगाची बळी होती, रोग नव्हे.

रात्रीतून गळती होत नाही ना, हे बघायला एक सोपा उपाय: बॅटरीची अर्थिंगची वायर काढून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरा. चावी बंद, दारं बंद. या गाड्यांत कॉम्प्युटर वगैरे नाही, त्यामुळं दिवा अजिबात लागता कामा नये. भक्कन पेटला तर कटआऊटचे पॉइंट चिकटलेले असण्याची शक्यता मोठी. मग लगेच बॅटरी सोडवा, डायनामो गरम व्हायच्या आत.

डायनामो फिरवणाऱ्या पट्ट्याचं थोडक्यात: मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच गेला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर बदला. चार्जिंग कमी म्हणून पट्टा तारेसारखा ताणणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यानं डायनामोचा मागचा बुश झिजतो आणि आर्मेचर (आतला फिरणारा गाभा) आत घासायला लागतं. त्या बुशासाठी मागच्या बाजूला तेलाचं भोक असतं, सर्व्हिसिंगला तिथं दोन थेंब ऑइल घालायचं असतं. ते भोक बहुतेक गाड्यांत चिखलानं बुजलेलं असतं.

लाल दिवा काय सांगतो

माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित मीटर म्हणजे हा लाल दिवा. त्याचं एक टोक चावीकडून येतं, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. दुसरं टोक डी टर्मिनलवर, म्हणजे डायनामोचं व्होल्टेज. तो दिवा या दोघांमधला फरक दाखवतो, बाकी काही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की त्याची प्रत्येक खोडी वाचता येते.

चावी फिरवली, इंजिन बंद: एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला शून्य, दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बल्ब उडालाय किंवा डायनामोचे कार्बन (करंट बाहेर घेणारे ब्रश) आर्मेचरला टेकत नाहीत. बल्बही ठीक, कार्बनही ठीक आणि तरी दिवा लागत नाही, वर बॅटरी रात्रीतून बसते, तर कटआऊट चिकटलाय. दोन्ही टोकांना बॅटरीच बसलीय, मग फरक कुठला?

इंजिन चालू, रेस वाढवली: डायनामोचं व्होल्टेज चढतं, फरक घटतो, दिवा मंदावतो आणि कटआऊट जोडला गेला की विझतो. कुठल्याही वेगाला अगदी अंधुक लाल ठिपका राहत असेल, तर जोड झालाय पण वाटेत कुठंतरी अडथळा आहे. कटआऊटचे पॉइंट काळे पडलेत किंवा एखादं टर्मिनल ढिलं आहे.

आणि आता आमचं लक्षण. रेस वाढवली की दिवा मंदावून विझायचा. अजून वाढवली की पुन्हा पेटायचा, आणि पहिल्यापेक्षा जास्त लख्ख. उन्हात ते कळायचंही नाही. मला पहिल्यांदा दिसलं ते खंबाटकीच्या बोगद्यात. डॅशबोर्ड अंधारात गेला आणि लाल दिवा टक्क पेटलेला. याचा अर्थ एकच होतो: डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या पुढं निघून गेलंय आणि कटआऊटनं दोघांना जोडलेलंच नाही. डायनामो मेलेला नव्हता. तो जीव तोडून काम करत होता आणि त्याचं काम कुणापर्यंत पोचत नव्हतं.

दर खेपेला गॅरेजमध्ये हे का सुटलं? बोनेट उघडायचं, हातानं रेस द्यायची आणि आत बसलेल्या मला विचारायचं, “दिवा इझतोय न्हवं?” मी म्हणायचो, विझतो. “मग चार्जिंग हाय.” रेस तिथंच थांबायची. तेवढ्या रेसला डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आलेला असतो, फरक शून्य, म्हणून दिवा विझतो. चार्जिंगशी त्याचा काही संबंध नसतो. तुम्ही तपासताना रेस दुप्पट करून बघा आणि डॅशबोर्डवर टॉवेल टाकून अंधार करा.

एक सूचना. ज्यांनी डायनामो काढून अल्टरनेटर (नंतरच्या गाड्यांतलं चार्जिंगचं यंत्र) बसवलाय त्यांच्यासाठी दिव्याचं गणित वेगळं आहे. तिथं बहुतेक वेळा अल्टरनेटरला पहिला करंट या बल्बातूनच मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंगच सुरू होत नाही. डायनामोत तसं नाही, बल्ब नसला तरी चार्जिंग होतं.

डायनामो आधी बाद करा किंवा पास करा

रिवाइंडिंगला टाकायच्या आधी वीस मिनिटं द्या. डायनामोवरच्या दोन्ही वायरी, डी आणि एफ, काढा. खुणा करून ठेवा. जाड टर्मिनल डी, बारीक एफ. आता डायनामोवरच डी आणि एफ एका तारेनं जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेला, दुसरं डायनामोच्या बॉडीला. इंजिन चालू करून हळूहळू जरा जोराच्या आयडलला आणा. व्होल्टेज सरळ चढत गेलं पाहिजे, न अडखळता. २० च्या पुढं जाऊ देऊ नका आणि रेस देऊन ताणू नका, कारण या क्षणी त्याला आवरणारं कुणीही नाही.

काहीच आलं नाही तर कार्बन किंवा कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात). अर्धा-एक व्होल्टवर थबकलं तर फिल्ड कॉइल. चार-पाचवर थबकलं तर आर्मेचर. फिल्ड वेगळी तपासायची तर इंजिन बंद करून, तार काढून एफ ते बॉडी ओहममध्ये मोजा. सी-४० ला साधारण ६ ओहम येतात. कम्युटेटर साफ करायला काचपेपर वापरा, एमरी नको. एमरीचे कण पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकले की तिथून करंट जातो. फटीतला अभ्रक पृष्ठभागाच्या वर आला असेल तर हॅकसॉच्या घासून बारीक केलेल्या पात्यानं तो पाऊण मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. हे काम घाईनं करणाऱ्याच्या हाती देऊ नका.

डायनामो पास झाला तर तार तशीच ठेवून डी आणि एफच्या वायरी परत जोडा, त्यांची रेग्युलेटरकडची टोकं सोडा आणि तेच व्होल्टेज तिथं दोन्ही वायरींवर येतं का बघा. एकावर आलं, दुसऱ्यावर नाही, तर वायर मध्येच तुटलीय. काम झालं की डायनामोवरची ती तार आठवणीनं काढा. ती राहिली तर पुढच्या हायवेला फिल्ड जळणार.

रिवाइंडिंग करून आणलेला किंवा वर्षानुवर्षं पडून असलेला डायनामो बसवताना त्याला पोलॅरिटी द्यावी लागते. वायरी जोडायच्या आधी बॅटरीच्या जिवंत टोकावरून, म्हणजे जे टोक बॉडीला नाही तिथून, एक वायर घेऊन एफ टर्मिनलला दोन-तीनदा नुसती टेकवायची. ठिणगी दिसेल. डी ला लावायची नाही. मॉरिस घराण्याच्या जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असायचा आणि नंतर कुणीतरी तो उलटा करून ठेवलेला असतो, म्हणून आपल्या गाडीत कोणतं टोक बॉडीला आहे हे डोळ्यांनी बघा, गृहीत धरू नका. आमच्या गाडीत मायनस बॉडीला आहे. पुढचं सगळं तसं समजून वाचा. प्लस बॉडीला असेल तर काळ्याच्या जागी लाल.

एक रविवार

आमचा डायनामो त्या रविवारी स्वच्छ पास झाला. व्हायलाच हवा होता, चार महिन्यांपूर्वी दुसऱ्यांदा रिवाइंड केलेला. वायरी पास. मग सगळं पूर्ववत जोडून मी मीटरचं लाल टोक रेग्युलेटरच्या डी वर धरलं आणि काळं टोक, सवयीप्रमाणं, इंजिनच्या एका बोल्टला. रेस वाढवली. तेरा, पंधरा, अठरा, एकवीस. लाल दिवा लख्ख. मी इंजिन बंद केलं. माझ्या लेखी निकाल लागला होता: रेग्युलेटर आवरत नाही, कटआऊट ओढत नाही, दोन्ही कॉइल गेल्या. पण हाच निकाल आठ महिन्यांपूर्वी लागला होता आणि त्यावरूनच हा रेग्युलेटर नवीन आला होता.

उद्यमनगरात एक वयस्क वायरमन आहेत. अण्णांच्या वेळेपासून ओळख. आता दुकान मुलगा बघतो, ते सकाळी दोन तास बसतात. त्यांना फोन करून आकडे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काळं टोक कुठं धरलंयस?”

म्हटलं, इंजिनला.

“रेग्युलेटरची अर्थिंग इंजिनवर हाय व्हय? ई वर धर आणि मग सांग.”

काळं टोक ई च्या स्क्रूवर धरलं, लाल तिथंच डी वर. इंजिन त्याच रेसला. मीटरवर साडेअकरा.

मी टोकं दोनदा बदलून बघितली. डी ते इंजिन २१, डी ते ई ११.५. मग लाल टोक ई वर आणि काळं इंजिनला: ९.५. बेरीज बरोबर बसली. ई टर्मिनल, जे बॉडीशी एकजीव असायला हवं, तिथं शून्य यायला हवं होतं आणि साडेनऊ व्होल्ट येत होते.

आता डब्याच्या आत काय घडत होतं ते बघा. डायनामो २१ व्होल्ट बनवतोय, पण कॉइलला त्यातले साडेअकराच दिसतायत, कारण उरलेले खराब अर्थिंगमध्ये अडकलेत. कटआऊटला ओढायला १३ च्या आसपास लागतात, म्हणून तो ओढत नाही. रेग्युलेटरला वाटतंय व्होल्टेज अजून कमीच आहे, म्हणून तो फिल्डला पूर्ण मोकळीक देतोय. फिल्ड ६ ओहमची. १२ व्होल्टला ती २ अँपिअर घेते, २४ वॅट गरम होते. २१ व्होल्टला साडेतीन अँपिअर आणि ७३ वॅट, म्हणजे उष्णता तिप्पट. आणि हे गॅरेजमधल्या रेसला. हायवेला साठच्या वेगानं तासभर जाताना किती होत असेल! आमची फिल्ड दोनदा जळली ती अशी. लाल दिव्याचे बल्ब उडत होते ते अशानंच. मी प्रत्येक वेळी ‘हल्लीचे बल्ब टिकत नाहीत’ म्हणून दुसरा आणत होतो. उडालेला बल्ब तळहातावर ठेवून जरा विचार केला असता तर दोन वर्षं वाचली असती.

स्क्रू

ई पासून वीतभर काळी वायर निघते आणि रेग्युलेटरशेजारीच पत्र्यात एका स्क्रूखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घालून कसलेली असते. हातानं हलवून पाहिली, घट्ट. पान्यानं कसून पाहिली, घट्ट. स्क्रू काढला. थिंबलखाली गाडीचा पांढरा रंग, त्याखाली राखाडी प्रायमर, नखानं खरवडल्यावरसुद्धा निघेना. २०१९ मध्ये दिवाळीआधी आम्ही गाडी रंगवून घेतली होती. रंगवताना रेग्युलेटर काढला, पत्रा रंगवला, रेग्युलेटर परत बसवला. काम सुंदर झालं होतं. पण थिंबल पत्र्याला कुठं टेकतच नव्हती. सगळा करंट जात होता तो स्क्रूच्या आट्यांतून, आणि आटे गंजून तपकिरी झालेले.

तीन-चार महिन्यांचं कोडंही तिथंच सुटलं. प्रत्येक वेळी मिस्त्री रेग्युलेटर उघडायचा, स्क्रू ढिला करून परत कसायचा. आटे एकमेकांवर घासले की गंज खरवडला जायचा, नवा धातू धातूला लागायचा, गाडी सुधारायची. ज्यानं जे बदललं त्याला त्याचं श्रेय जायचं. पुढं इंजिनची धग, कोल्हापूरचा पाऊस, पुन्हा गंज. चार वर्षांत कुणी मुद्दाम काही चुकवलं नाही. सगळे मनापासून काम करत होते, पण सगळ्यांचं काळं टोक इंजिनवर होतं.

ओहममीटरनं हे सापडत नाही, हेही सांगायला हवं. मी नंतर मुद्दाम कुतूहल म्हणून स्क्रू जुन्या अवस्थेत परत लावून, इंजिन थंड आणि बंद असताना ई ते बॉडी मोजलं. बीप वाजला. स्क्रू नुकताच फिरवलेला असल्यामुळं तो वाजणारच. अर्थिंग मोजायची ती इंजिन चालू असताना, गरम झाल्यावर, व्होल्टमध्ये आणि स्क्रूला पान्यानं हात लावायच्या आधी. एकदा तुम्ही स्क्रू फिरवलात की पुरावा गेला.

याच पद्धतीनं अजून दोन ठिकाणं बघून घ्या. डायनामोची बॉडी ते बॅटरीचं अर्थिंगचं टोक: हेडलाइट लावून, रेस देऊन मोजा. पाव व्होल्टच्या वर येत असेल तर इंजिन ते बॉडी जाणारी विणलेली पट्टी खराब आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्या पट्टीशिवाय त्याचा बॉडीशी धड संबंध नसतो. पट्टी तुटलेली असेल तर सेल्फचा सगळा करंट चोक आणि ॲक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली की समजा. दुसरं ठिकाण ए टर्मिनल ते बॅटरीचं जिवंत टोक. तिथंही फरक नगण्यच यायला हवा.

दुरुस्ती आणि सेटिंग

पत्रा थिंबलच्या आकाराएवढा पांढराशुभ्र होईपर्यंत घासला. नवी थिंबल नुसती चेपून थांबलो नाही, झाळलीसुद्धा. नवा स्क्रू, दात्यांचा वायसर, आणि सगळं कसल्यावर वरून व्हॅसलीन. शिवाय ई पासून एक वेगळी वायर थेट डायनामोच्या बॉडीवरच्या बोल्टला नेली. म्हणजे उद्या हा स्क्रू पुन्हा रुसला तरी दोन्ही कॉइलना अर्थिंग मिळत राहील. रंगकाम करून आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीत ही एक वायर टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च शंभर रुपयांच्या आत.

मग रेग्युलेटर तपासला, आणि इथं बरेच जण घसरतात. आरबी-१०६ चं सेटिंग बॅटरी सोडवून बघायचं असतं: ए आणि ए-१ च्या वायरी काढून एकमेकींना जोडायच्या, म्हणजे इग्निशन चालू राहतं, आणि त्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळायची. मीटर डी आणि ई मध्ये. रेस वाढवत गेल्यावर आकडा चढतो आणि १६ च्या आसपास येऊन थांबतो. उन्हाळ्यात थोडा खाली, थंडीत थोडा वर. हे अर्ध्या मिनिटात उरका, कॉइल तापली की आकडा फिरतो. लोक १६ बघून घाबरतात, स्क्रू मागं घेतात आणि १४ वर आणून ठेवतात. मग बॅटरी जोडल्यावर चार्जिंग पुरेसं होत नाही आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू. १४ ते साडेचौदा हा आकडा बॅटरी जोडलेली असताना, तिच्या टोकांवर बघायचा असतो. दोन वेगळ्या परिस्थितीतले दोन वेगळे आकडे आहेत हे.

अल्टरनेटर बसवून टाका, कटकट मिटेल, असा सल्ला मला या चार वर्षांत अनेकांनी दिला. रोज रात्री शहरात गाडी चालवत असाल तर तो सल्ला योग्यच आहे, आयडललाही चार्जिंग मिळतं. पण अर्थिंग खराब असलेल्या गाडीत अल्टरनेटरही खराब अर्थिंगवरच बसतो. आधी वायरिंग सरळ करा, मग ठरवा. आम्ही डायनामोच ठेवला.

शेवटी एक केलं. आठ महिन्यांपूर्वी ‘गेला’ म्हणून काढलेला मूळ रेग्युलेटर डिकीत फडक्यात गुंडाळून पडला होता. पॉइंट हलक्या हातानं साफ करून तोच परत बसवला. बॅटरी सोडवून १६.१, बॅटरी जोडून १४.२, ई ते बॉडी ०.०३. त्याला आता सव्वा वर्ष झालं, दोन पावसाळे गेले. खंबाटकीच्या बोगद्यात दर वेळी माझी नजर त्या लाल दिव्याकडं जाते. तो विझलेला असतो.